एमडीचा हिशोब ग्रॅममध्येही मांडा : गृह आणि आरोग्य विभागांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री आणि माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : मेफेड्रॉन (एमडी) हा अमली पदार्थ घेऊन रुग्णालयात येणाऱ्यांवरील उपचार, तपासणी आणि एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातील कलम ६४अ ची अंमलबजावणी

महोदय,

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रॉनचा कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीपासून दिल्लीपर्यंत धागा पकडत १,७०० किलोंहून अधिक माल जप्त केला. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने अमली पदार्थांच्या तस्करीला मकोकाच्या (संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या) कक्षेत आणले. ही सगळी कामे व्हायलाच हवी होती आणि ती जीव धोक्यात घालून करणाऱ्या पोलिसांबद्दल आम्हाला आदर आहे.

पण किलोच्या आकड्यात एक माणूस कुठेच दिसत नाही. रात्री अडीच वाजता मित्रांनी रिक्षात घालून आणलेला, घामाने निथळणारा, जबडा आवळलेला, 'काय घेतलं?' या प्रश्नावर 'काही नाही, थोडी दारू' असे सांगणारा. त्याच्या खिशातली पुडी एक ग्रॅमचीही नसते. त्याच्याबद्दल कायदा काय म्हणतो हे बहुतेक ठाण्यांत कुणी सांगत नाही आणि त्याच्यावर नेमका काय उपचार करायचा हे बहुतेक कॅज्युअल्टींत लिहून लावलेले नाही. आम्ही कॅज्युअल्टीत, मनोविकार विभागात, प्रयोगशाळेत आणि कोर्टात हेच काम करणारी माणसे आहोत. चार ठिकाणी चार वेगवेगळ्या गोष्टी अडतात, त्या एकत्र मांडायला हे पत्र.

आधी नावाबद्दल. आपल्याकडे एमडी म्हणजे मेफेड्रॉन, रसायनशास्त्रात ४-मिथाइलमेथकॅथिनोन. एमडीएमए म्हणजे एक्स्टसी, तो वेगळा पदार्थ. बातम्यांत तर ही दोन नावे सर्रास मिसळतात, पण कधी कधी कागदपत्रांतही मिसळतात, आणि तिथे हा नुसता शब्दाचा घोळ राहत नाही. मेफेड्रॉनची अल्प मात्रा २ ग्रॅम आणि व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅम. एमडीएमएची अल्प मात्रा अर्धा ग्रॅम आणि व्यावसायिक मात्रा १० ग्रॅम. तेव्हा १२ ग्रॅम माल एका नावाखाली मधल्या मात्रेत बसतो, तर दुसऱ्या नावाखाली व्यावसायिक मात्रेत जातो. मग किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि कलम ३७ च्या जामिनाच्या कडक अटी लागू. पंचनाम्यात नुसते 'एमडी' लिहू नये, पूर्ण नाव लिहावे, एवढी साधी सूचनासुद्धा उपयोगी पडेल.

हा पदार्थ नवा नाही. तो पहिल्यांदा १९२९ साली तयार झाला आणि कित्येक दशके विस्मरणात गेला. खात नावाच्या झुडपाची पाने चघळून पूर्व आफ्रिका आणि येमेनमध्ये लोक तरतरी आणतात. त्या पानांतल्या कॅथिनोनचा हा कृत्रिम भाऊबंद. २००० नंतरच्या दशकात तो युरोपात 'झाडांचे खत' आणि 'मानवी सेवनासाठी नाही' असे छापून उघड विकला गेला. ब्रिटनने १६ एप्रिल २०१० रोजी त्यावर बंदी घातली. आपल्याकडे तो ५ फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने एनडीपीएसच्या यादीत आला. मधली पाच वर्षे पुडी हातात सापडूनही पोलिसांना या कायद्याचे कलम लावता येत नव्हते. हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला, की याच चुकीची पुनरावृत्ती होण्याची शक्यता आजही आहे. त्याबद्दल शेवटी.

आता कॅज्युअल्टी. मेफेड्रॉन मेंदूत डोपामाइन, सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन एकदम मोकळे करते. नाकाने ओढल्यावर ते मिनिटांत चढते आणि दोन-तीन तासांत उतरते. उतरताना पुन्हा घ्यायची ओढ फार तीव्र असते, म्हणून माणूस एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेत राहतो. प्रत्येक वेळी नशा आधीपेक्षा कमी वाटते, पण हृदयावरचा आणि शरीराच्या तापमानावरचा ताण मात्र साठत जातो. बंद, गरम खोलीत तासन् तास नाचणे, झोप नाही, सोबत दारू, असे सगळे जुळून आले की माणूस कोसळतो.

कॅज्युअल्टीत नाडी आणि रक्तदाब पाहिले जातात, पण तापमान पाहायचे राहून जाते. एमडीच्या रुग्णात जीव घेणारी पहिली गोष्ट बहुतेक वेळा वाढलेले तापमान असते. काखेत थर्मामीटर लावून भागत नाही, शरीराच्या आतले तापमान मोजावे लागते. ते ३९ अंशांच्या वर असेल तर तिथल्या तिथे थंड करायला घ्यावे लागते : कपडे काढणे, ओली चादर, पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ. पॅरासिटामॉलची बाटली लावून वाट पाहण्यात वेळ जातो. हा संसर्गाचा ताप नाही. इथे मेंदूने तापमानाचे ठरलेले माप वर नेलेले नसते, स्नायू आणि चयापचय बेफाम चालल्याने उष्णता तयार होत असते, म्हणून पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही.

दुसरी चूक बांधून ठेवण्याची. रुग्ण ओरडतो, अंगावर येतो, मग चार जण त्याला पालथा दाबून धरतात किंवा पलंगाला बांधतात. तो जितका झगडतो तितके स्नायू तापतात, रक्तातले आम्ल वाढते, श्वास अडतो, आणि हृदय थांबते. अशा मृत्यूच्या कागदावर मग नुसते 'अमली पदार्थाचे सेवन' असे लिहिले जाते. योग्य मार्ग आहे औषधाने शांत करण्याचा. पहिली पसंती बेंझोडायझेपिन गटातल्या शांत करणाऱ्या औषधांना : लोराझेपाम किंवा मिडाझोलाम शिरेतून, श्वासावर लक्ष ठेवत, गरज पडेल तसे पुन्हा. शीर मिळत नसेल तर मिडाझोलाम स्नायूत. हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचे औषध हाताशी असते म्हणून आधी तेच दिले जाते. पण ते झटक्याचा धोका वाढवते, ईसीजीतला क्यूटी लांबवते (म्हणजे हृदयाचे ठोके बिघडू शकतात) आणि घामाने थंड होण्याच्या क्रियेत अडथळा आणते. नाडी १५० दिसते म्हणून नुसता बीटा-ब्लॉकर (नाडी मंदावणारे औषध) देणेही धोक्याचे. बहुतेकांची नाडी शांत केल्यावर आपोआप खाली येते.

सलाईनबद्दल स्वतंत्र सांगायला हवे. 'डिहायड्रेशन होऊ नये' म्हणून कुणी तरी ऐकीव सांगते आणि हे रुग्ण कित्येक लिटर साधे पाणी पिऊन आलेले असतात. शरीर पाणी धरून ठेवते, रक्तातले सोडियम खाली जाते, मेंदूला सूज येते. अशा रुग्णाला डोळे मिटून बाटल्या चढवल्या तर तो झटक्यातून बाहेर येत नाही. आधी सोडियम आणि साखर पाहावी, ईसीजी काढावा, मग पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि सीके (स्नायूंच्या इजेसाठी). लघवी चहाच्या रंगाची असेल तर स्नायू विरघळू लागले आहेत आणि मूत्रपिंड धोक्यात आहे असे समजावे. यातली एकही तपासणी महागडी नाही, जिल्हा रुग्णालयात सगळ्या होतात. फक्त कोणत्या क्रमाने करायच्या ते लिहून भिंतीवर लावलेले हवे. एमडीवर उतारा म्हणून देता येईल असे औषध नाही. म्हणून तर हा क्रमच इथे औषध.

लघवीची पट्टी हा त्यापुढचा सापळा. कॅज्युअल्टीत आणि कित्येक व्यसनमुक्ती केंद्रांत अॅम्फेटामिन, मेथअॅम्फेटामिन, गांजा, अफू, कोकेन यांची पट्टी वापरतात. अॅम्फेटामिनच्या खिडकीत दोन रेषा उमटल्या म्हणजे निगेटिव्ह. मेफेड्रॉन घेतलेल्या माणसाच्या पट्टीवर बहुतेक वेळा त्या दोन्ही रेषा स्पष्ट उमटतात, कारण पट्टीतल्या प्रतिपिंडाला कॅथिनोनचा आकार नीट ओळखता येत नाही. घरच्यांना वाटते मुलगा स्वच्छ आहे. डॉक्टरांना वाटते हा मानसिक आजार आहे. चार रात्री न झोपलेला, अंगावर किडे चालतात असे सांगणारा, शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत म्हणणारा तरुण 'स्किझोफ्रेनिया'चा शिक्का घेऊन बाहेर पडतो आणि वर्षानुवर्षे त्याची औषधे घेतो. एमडीमुळे आलेला भ्रम पदार्थ बंद झाला आणि झोप मिळाली की बहुतेकांत काही दिवसांत ओसरतो. हा फरक ओळखायला पट्टी पुरेशी नाही, वस्तुमान वर्णपटमापकावरची (मास स्पेक्ट्रोमीटरवरची) तपासणी लागते. लघवीत मेफेड्रॉन साधारण दोन-तीन दिवसच सापडते. नमुना पहिल्याच दिवशी घेतला नाही तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. रक्त घ्यायचे तर सोडियम फ्लोराइडच्या राखाडी टोपणाच्या नळीत, आणि थेट थंड साखळीत. साध्या नळीत टेबलावर राहिलेल्या रक्तातले कॅथिनोन तुटत जाते आणि प्रयोगशाळेला खरोखरच काही मिळत नाही.

प्रयोगशाळेचा विषय निघाला म्हणून आणखी एक. मेफेड्रॉनमध्ये मिथाइल हा अणुगट रेणूतल्या कड्याच्या चौथ्या जागी असतो. तोच तिसऱ्या जागी असेल तर तो ३-एमएमसी, दुसरा पदार्थ. दोघांचे रेणुभार सारखेच, सुमारे १७७. वर्णपटातले ५८ आणि ११९ हे ठळक पट्टेही सारखे. संदर्भ नमुना (खात्रीचा शुद्ध पदार्थ) शेजारी ठेवून, यंत्राच्या स्तंभातून (कॉलममधून) बाहेर पडायची वेळ जुळवून पाहिल्याशिवाय खात्रीने नाव घेता येत नाही. बचाव पक्षाचा जाणकार वकील उलटतपासणीत नेमका इथेच बोट ठेवतो. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांना हे संदर्भ नमुने वेळेवर आणि पुरेसे मिळाले पाहिजेत. त्यांच्याशिवाय आलेल्या सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टवर दहा वर्षांची शिक्षा उभी राहणे आरोपीलाही न्याय्य नाही आणि तपासालाही परवडणारे नाही.

वजनाचेही बघा. २२ एप्रिल २०२० च्या हिरासिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मात्रा ठरवताना भेसळीसकट पूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे. म्हणजे ६ ग्रॅम मेफेड्रॉनमध्ये ४५ ग्रॅम भेसळ मिसळलेली असेल तर ५१ ग्रॅम, व्यावसायिक मात्रा. कायदा आहे तो असा आहे. मग वजन काटेकोर हवे : पिशवीसह वजन, पिशवीविना वजन, काट्याच्या तपासणीचा दाखला, आणि १ जुलै २०२४ पासून बंधनकारक झालेले झडतीचे चित्रीकरण. २०२२ च्या नियमांप्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे असतात. हे टाळून जागेवरच नमुने काढले म्हणून खटले डळमळतात. तस्कर सुटतो तो कायदा सौम्य असल्याने नव्हे, कलम ४२, ५० आणि ५२अ च्या (झडती, अंगझडती आणि नमुने यांच्या) पायऱ्या गाळल्याने.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः लिहितो आहोत ते कलम. एनडीपीएस कायद्याचे कलम ६४अ असे सांगते : सेवनाचा, म्हणजे कलम २७ चा, किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या, अथवा त्यांनी मान्यता दिलेल्या रुग्णालयात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर त्या आरोपाखाली खटला चालवायचा नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. त्याच कायद्याचे कलम ३९ दोषी ठरल्यानंतरही कोर्टाला त्याला तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडण्याचा अधिकार देते. संसदेने ही दारे विचार करून ठेवली आहेत.

दारे आहेत, पण कडी कुणी उघडायची ते ठरलेले नाही. कलमात अर्जाचा नमुना नाही. आरोपीला हा हक्क सांगायची जबाबदारी ठाणे अंमलदाराची, तपास अधिकाऱ्याची की विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाची, ते लिहिलेले नाही. 'व्यसनी आहे' हे कोणी प्रमाणित करायचे, किती दिवसांच्या उपचाराला पूर्ण म्हणायचे, मान्यताप्राप्त केंद्रांची यादी कुठे पाहायची, सगळे मोघम. परिणामी अर्ध्या ग्रॅमवाला मुलगा दंड भरून बाहेर येतो. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल. नोंद कायमची राहते, व्यसन जसेच्या तसे राहते, आणि उपचाराचा विषय एकदाही निघत नाही.

यासाठी कायदा बदलायची गरज नाही. दोन्ही विभागांचा एक संयुक्त शासन निर्णय पुरे. कलम २७ किंवा २ ग्रॅमपर्यंतच्या मेफेड्रॉनच्या प्रत्येक गुन्ह्यात अटकेच्या वेळीच आरोपीला मराठीत, एका पानावर, कलम ६४अ समजावून त्याची सही घ्यावी. चोवीस तासांत जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी आणि व्यसनाच्या निदानाचा कागद दोषारोपपत्राला जोडावा. उपचार करणाऱ्या रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात हजेरीचा अहवाल कोर्टाला पाठवावा. त्या अहवालात फक्त आला की नाही, एवढेच असावे. रुग्ण समुपदेशकाला काय सांगतो ते कोर्टापर्यंत गेले तर पुढचा रुग्ण तोंड उघडणार नाही.

याच भीतीमुळे तो रिक्षातला माणूस 'थोडी दारू' म्हणतो. मित्रही त्याला दारात सोडून पळतात, कारण 'एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) होईल, पोलीस येतील, आपण अडकू'. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये ज्या गुन्ह्यांची खबर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, त्या यादीत एनडीपीएसखालचे सेवन नाही. तरी विषबाधेच्या जुन्या रिवाजाने चौकीला कळवले जाते. मृत्यू, जबरदस्तीने पाजल्याचा संशय किंवा मारहाण असेल तर कळवायलाच हवे. पण शुद्धीत असलेल्या, स्वतःहून आलेल्या रुग्णाच्या कागदावरून सेवनाचा गुन्हा नोंदवला जाणार नाही, एवढे पोलीस महासंचालकांच्या परिपत्रकात स्पष्ट यावे. पदार्थाचे खरे नाव पहिल्या पाच मिनिटांत कळले तर वर सांगितलेल्या निम्म्या चुका टळतात.

उपचार केंद्रांबद्दल. गर्दवाला (हेरॉइन घेणारा) दोन दिवस मिळाले नाही की तडफडतो, अंग मोडते, उलट्या होतात, तेव्हा घरच्यांना आजार दिसतो. एमडीवाला पदार्थ बंद केल्यावर दोन-तीन दिवस झोपतो, भरपूर जेवतो, आणि सगळ्यांना वाटते सुटला. खरा धोका तिथून सुरू होतो. त्यानंतरचे काही आठवडे मन पार रिकामे, कशातच राम नाही, चिडचिड, आणि आत्महत्येचे विचार. गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध आहे, एमडीसाठी असे बदली औषध उपलब्ध नाही. इथे चालते ते समुपदेशन : ओढ कधी, कुठे, कुणासोबत येते ते शोधून त्याला पर्याय बांधणे, स्वच्छ राहिल्याच्या प्रत्येक आठवड्याला ठरलेले प्रोत्साहन, झोपेची घडी बसवणे, आणि कुटुंबाला सोबत घेणे. सात दिवसांच्या डीटॉक्सचा साचा एमडीला बसत नाही. किमान तीन महिन्यांचा पाठपुरावा धरून मनुष्यबळ आणि निधी हवा. सुईने घेणाऱ्यांसाठी एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी ची तपासणी त्याच छताखाली व्हावी.

आणि जिथे कोंडून, मारून, साखळीने बांधून 'सुधारतात' अशा जागा बंद करा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत, तेव्हा त्यांवर उपचार करणाऱ्या अशा केंद्रांना नोंदणी लागते. कलम ९५ ने साखळदंड पूर्णपणे निषिद्ध केला आहे. नोंदणी असलेल्या केंद्रांची जिल्हावार यादी विभागाच्या संकेतस्थळावर असेल तर घाबरलेले आईवडील चुकीच्या दारात जाणार नाहीत.

शेवटी यादीचा प्रश्न. आपल्या कायद्यात पदार्थ एकेका नावाने येतात. रेणू थोडा बदलला की नवे नाव, आणि नव्या अधिसूचनेपर्यंत पुन्हा २०१५ च्या आधीचीच परिस्थिती. ब्रिटनने २०१० मध्येच एकेक नाव न घेता कॅथिनोनची रासायनिक चौकट लिहून संपूर्ण कुटुंब बंदीत घेतले. तरी चौकटीबाहेरचा नॅफिरोन लगेच बाजारात आला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यावर वेगळी बंदी आणावी लागली. म्हणजे चौकटही परिपूर्ण नसते, पण एकेक नावापेक्षा बरी. यादीत भर घालण्याचा अधिकार कलम ३ नुसार केंद्राकडे आहे. शिफारस राज्य करू शकते, आणि देशातल्या मोठमोठ्या साठ्यांपैकी काही ज्या राज्यात सापडले, त्या राज्याच्या शिफारशीला वजन आहे. शिफारशीत संशोधन आणि औषधनिर्मितीसाठी परवानगीची वाट स्पष्ट ठेवावी, नाही तर औषध कंपन्यांचे प्रयोगही अडकतील.

हे सगळे व्हायला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र या महिन्यातही होऊ शकते. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या आणि प्रत्येक शासकीय कॅज्युअल्टीच्या दर्शनी भिंतीवर एक फलक लावा. वर १०८. खाली नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६, तस्करीची माहिती देण्यासाठी मानस १९३३. त्याखाली कलम ६४अ चा मजकूर, दहावी शिकलेल्या माणसाला एका वाचनात कळेल अशा मराठीत. त्या फलकाचा मजकूर, अटकेच्या वेळी द्यायचे एक पान आणि कॅज्युअल्टीतल्या भिंतीवरचा उपचारक्रम, तिन्ही लिहून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
एमडीच्या रुग्णांवर उपचार करणारे, नमुने तपासणारे आणि हे खटले लढवणारे काही जण